जिन्याखालची लॅम्ब्रेटा

नागपुरातील महाल भागात एका जुन्या वाड्याच्या जिन्याखाली वर्षानुवर्षे उभी असलेली लॅम्ब्रेटा एल.आय. 150 स्कूटर मी ताब्यात घेतली, तेव्हा तिचे इंजिन जाम झालेले होते, दोन्ही टायर रिमखाली दबून चिरले होते, पेट्रोलच्या टाकीच्या तळाशी तपकिरी भुकटी साचली होती आणि तिचा मूळ रंग कोणता असावा हे वरून सांगता येत नव्हते. या अवस्थेतून ती पुन्हा रस्त्यावर आणण्याचे काम मी कसे केले आणि प्रत्येक टप्प्यावर कोणत्या विचाराने निर्णय घेतले, ते येथे सविस्तर मांडत आहे. जुन्या गाडीचे काम हाती घेणाऱ्यांचा पहिला कल बहुधा नवे भाग जमवण्याकडे असतो. माझे मत तसे नाही. जो मूळ भाग मापात बसतो, किंवा दुरुस्तीनंतर बसू शकतो, तो केवळ जुना दिसतो म्हणून काढून टाकू नये असे मला मनापासून वाटते, आणि शक्य तेथे मी हाच नियम पाळला आहे.

ही गाडी मुळात इटलीतील मिलानजवळच्या लाम्ब्राते येथील इनोसेंटी कारखान्याची. फर्दिनांदो इनोसेंटी यांचा व्यवसाय पोलादी नळ्यांचा होता, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर 1947 मध्ये त्यांनी स्कूटरचे उत्पादन सुरू केले तेव्हा त्या व्यवसायाची छाप गाडीच्या रचनेवर उमटली. व्हेस्पा या दुसऱ्या इटालियन स्कूटरमध्ये पत्र्याचा देह हाच सांगाडा असतो, त्यामुळे पत्रा गंजला की गाडीचा कणाच खचतो. लॅम्ब्रेटाचा कणा मात्र एका जाड पोलादी नळीचा आहे, आणि फुटबोर्ड, पायांपुढची पत्र्याची ढाल, बाजूची पॅनेल हे सारे त्या नळीवर बोल्टने बसवलेले असते. म्हणूनच बाहेरून अगदी केविलवाणी दिसणारी लॅम्ब्रेटा आतून धडधाकट असू शकते. एल.आय. मालिका 1958 मध्ये आली, आणि 1959 पासूनच्या दुसऱ्या आवृत्तीत पुढचा दिवा ढालीवरून हँडलवर गेला. माझी गाडी या दुसऱ्या आवृत्तीची, म्हणजे 57 मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि 58 मिलिमीटर स्ट्रोकच्या (पिस्टनच्या सरकण्याच्या अंतराच्या) 148 सीसी टू-स्ट्रोक इंजिनाची आणि चार गिअरची आहे.

मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने भारतात लॅम्ब्रेटाची जुळणी केली आणि पुढे परवान्याने तिचे उत्पादनही केले. हीच दुसरी आवृत्ती आपल्याकडे सत्तरच्या दशकातही तयार होत होती आणि नंतर ती लॅम्बी या नावाने विकली गेली. इटलीत 1971 मध्ये उत्पादन थांबल्यावर तेथील यंत्रसामग्री लखनौच्या स्कूटर्स इंडिया या सरकारी कंपनीने घेतली. दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने या इतिहासाला फार मोल आहे, कारण ऑइल सील, क्लच प्लेट, केबल, कनेक्टिंग रॉड यांसारखे भाग आजही भारतातच बनतात आणि परदेशातील लॅम्ब्रेटाप्रेमीसुद्धा ते येथून मागवतात. दुसऱ्या एखाद्या इटालियन गाडीच्या बाबतीत, विशेषतः मोटरसायकलच्या बाबतीत, एका गॅस्केटसाठी कित्येक आठवडे थांबावे लागले असते.

गाडी 1961 मध्ये नोंदलेली होती आणि नोंदणी-पुस्तिका वाड्यातल्या आजींनी त्यांच्या यजमानांच्या इतर कागदांबरोबर जपून ठेवली होती. व्यवहार ठरवण्यापूर्वी मी पुस्तिकेतील चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी ताडून पाहिले, आणि जुन्या गाडीच्या बाबतीत हे काम सर्वांत आधी करावे असा माझा आग्रह आहे. क्रमांक जुळत नसतील तर पुढची सगळी मेहनत एका शोभेच्या वस्तूवर खर्च होते. नोंदणी यजमानांच्या नावावर असल्याने प्रथम फॉर्म 31 भरून ती आजींच्या नावावर झाली आणि मग फॉर्म 29 व 30 द्वारे माझ्या नावावर आली. पुस्तिका हाताने लिहिलेल्या काळातली असल्यामुळे तिची संगणकीय नोंद आधी करून घ्यावी लागली. हे सारे चालू असताना मी गाडीच्या एकाही बोल्टला हात लावला नाही. आजींनी एकच गोष्ट विचारली, “दसऱ्याला हार घालायला आणाल ना हो तिला?” मी होकार दिला.

उकलण्याच्या कामाला सुरुवात करण्याआधी मी प्रत्येक जोडाची, प्रत्येक केबलच्या वळणाची आणि प्रत्येक वॉशरच्या क्रमाची छायाचित्रे काढली, आणि निघालेला प्रत्येक नटबोल्ट त्या त्या भागाच्या नावाच्या पिशवीत ठेवला. काही भागांवर इनोसेंटीचा शिक्का होता, काहींवर नव्हता. शिक्का असलेले भाग मी वेगळ्या पेटीत ठेवले. चाके काढताना एक धोका लक्षात ठेवावा लागतो. लॅम्ब्रेटाचे रिम दोन अर्धवर्तुळाकार कडांचे नसून दोन पूर्ण चकत्यांचे असते आणि त्या नटांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. ट्यूबमध्ये हवा असताना हे नट सैल केले तर दोन्ही चकत्या जोराने फाकतात आणि हाताला किंवा चेहऱ्याला गंभीर इजा होऊ शकते. म्हणून व्हॉल्व्ह काढून ट्यूब पूर्ण रिकामी झाल्याची खात्री केल्याशिवाय त्या नटांना पाना लावायचा नाही. 3.50-10 मापाचे टायर आपल्याकडच्या इतर जुन्या स्कूटरनाही लागत असल्यामुळे ते मिळवताना काहीच अडचण आली नाही.

इंजिनाच्या कामात मला गणेशपेठेतल्या एका वयोवृद्ध मिस्त्रींची साथ मिळाली. त्यांना सगळे काकाजी म्हणतात आणि त्यांनी तरुणपणी लॅम्ब्रेटा आणि लॅम्बीवर पुष्कळ काम केले आहे. इंजिन पाहताक्षणी त्यांनी मला किक मारून पाहण्यास मनाई केली. “ताई, हे चालून नाही बिघडलं, उभं राहून बिघडलं. किक माराल तर दाते तुटतीन, बाकी काही होणार नाही,” असे ते म्हणाले. सिलिंडरचे डोके काढल्यावर त्यांच्या म्हणण्याचा अर्थ कळला. गाडी शेवटची उभी केली तेव्हा पिस्टन अशा जागी थांबला होता की एक्झॉस्टचे भोक उघडे राहिले होते. सायलेन्सरच्या वाटेने प्रत्येक पावसाळ्यातली दमट हवा आत गेली आणि पिस्टनच्या वरच्या बाजूला सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचे एक कडे तयार झाले. रिंगा त्या कड्याखाली अडकल्या होत्या. झिजेची म्हणावी अशी खूण कोठेच नव्हती.

जाम पिस्टन सोडवताना घाई केली की सिलिंडर, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड हे तिन्ही एकदम गमावण्याची शक्यता असते. आम्ही गंजाचे कडे आधी बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने उतरवले, मग रॉकेल आणि ऑटोमॅटिक गिअरचे पातळ तेल यांचे मिश्रण पिस्टनच्या माथ्यावर भरून ठेवले आणि ते मुरले की पुन्हा भरत राहिलो. पिस्टनच्या कडेने मिश्रण खाली उतरू लागले, तेव्हा सिलिंडरला बाहेरून सर्वत्र सारखी ऊब दिली आणि सागवानी लाकडाचा गोल ठोकळा ठेवून त्यावर हलके ठोके दिले. पिस्टन खाली सरकला तो अगदी थोडा, पण सरळ, एका बाजूला न कलता सरकला, आणि त्यामुळे रॉड वाकलेला नसावा अशी आशा निर्माण झाली. पुढे मोजमापात ती खरी ठरली. चिकटलेल्या रिंगा मात्र खाचेतून निघताना तुटल्या आणि पिस्टनच्या खाचांच्या कडाही खाल्ल्या गेल्या होत्या, म्हणून पिस्टन नवा घ्यावाच लागला.

येथे एक बाब स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण अनेक ठिकाणी ती उलटी केली जाते. सिलिंडर आधी बोअर करून, म्हणजे आतून कोरून मोठा करून, मग त्या मापाचा पिस्टन शोधणे योग्य नाही. आधी पिस्टन हातात घ्यावा, तो मायक्रोमीटरने स्कर्टजवळ, म्हणजे खालच्या कडेजवळ, मोजावा आणि त्याच पिस्टनसाठी किती फट ठेवायची ते सांगून सिलिंडर लेथवाल्याकडे द्यावा. एकाच मापाचा शिक्का असलेल्या दोन पिस्टनांत प्रत्यक्षात फरक असू शकतो, आणि हवेने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनात एवढा फरकही पिस्टन धरण्यास, म्हणजे तापून जाम होण्यास, पुरतो. नागपूरच्या उन्हाळ्यात तर तो जास्तच महागात पडतो. लॅम्ब्रेटाचा सिलिंडर बिडाचा असल्यामुळे त्याला बोअर करता येते. गंजाचे खड्डे पुसले जाण्यापुरताच धातू काढायचा असे ठरवून आम्ही उपलब्ध असलेल्या सर्वांत लहान ओव्हरसाइझवर (मूळ मापाहून किंचित मोठ्या मापावर) थांबलो, म्हणजे पुढे आणखी बोअर करण्याची सोय शिल्लक राहिली.

क्रँकचे, म्हणजे पिस्टनची ये-जा फिरत्या गतीत बदलणाऱ्या दांड्याचे, मोठे बेअरिंगही उभे राहूनच खराब झाले होते. रोलर वर्षानुवर्षे एकाच जागी टेकून राहिल्याने तेथे गंजाचे बारीक ठिपके पडले होते. हाताला ढिलाई जाणवत नव्हती, पण फिरवताना खरखर जाणवत होती. क्रँकच्या दोन्ही चकत्या मूळच्या ठेवून त्यात नवा रॉड, पिन आणि रोलर प्रेसवर बसवून घेतले आणि दोन्ही टोकांवर डायल गेज लावून क्रँक सरळ केला. हे काम शेवटच्या दोन-तीन शतांश मिलिमीटरपर्यंत नेण्याइतका धीर असलेला कारागीर मिळणे ही खरी अडचण असते, आणि तो मिळेपर्यंत मी थांबले.

ऑइल सील, म्हणजे क्रँकच्या टोकांभोवतीचे रबरी कडे, ही वस्तू छोटी, पण टू-स्ट्रोक इंजिनाचे सारे आरोग्य तिच्यावर अवलंबून असते, कारण पेट्रोल आणि हवेचे मिश्रण सिलिंडरमध्ये जाण्याआधी क्रँककेसमध्येच ओढले आणि दाबले जाते. मॅग्नेटच्या बाजूचे सील गळाले तर जास्तीची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते (त्यात पेट्रोल कमी पडते), इंजिन तापते आणि शेवटी पिस्टन धरतो. चेनच्या बाजूचे गळाले तर गिअरचे तेल आत ओढले जाऊन सायलेन्सरमधून पांढरा धूर निघत राहतो. येथे मी जुने वाचवण्याचा विचारसुद्धा केला नाही. रबर कडक झाले होते आणि आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असल्यामुळे इथेनॉल सहन करणाऱ्या व्हिटॉन या कृत्रिम रबराचे सील निवडले. इंजिन जुळवल्यावर सर्व भोके बंद करून आत थोडी हवा भरली आणि गेजवरचा दाब टिकतो का, हे पाहिले. ही चाचणी सोपी आहे आणि ती वगळण्याचे कारण मला समजत नाही.

गिअरबॉक्स उत्तम होता. एल.आय.च्या गिअरबॉक्समध्ये सुट्या गिअरच्या बाजूची फट 0.07 ते 0.30 मिलिमीटरच्या दरम्यान असावी लागते आणि ती शिम (पातळ चकती) बदलून साधतात. फिलर गेजने मोजली तेव्हा ती मर्यादेतच निघाली, म्हणून मूळचे गिअर आणि मूळचा शिम परत बसवला. क्लच आणि दुहेरी चेन त्याच तेलात फिरत असतात, त्यामुळे क्लचच्या कॉर्क प्लेट मात्र नव्या घातल्या. इग्निशनच्या प्लेटवरील जुन्या तारांचे रबर स्पर्शाने गळून पडत होते, म्हणून तारा पूर्ण बदलल्या, ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची फट सुमारे 0.4 मिलिमीटर ठेवली आणि डिग्री व्हील (अंश मोजण्याची चकती) लावून ठिणगीची वेळ पिस्टन वरच्या टोकाला पोचण्यापूर्वी 23 अंशांवर आणली. फ्लायव्हीलचे चुंबकत्व क्षीण झाले होते. ते पुन्हा भारून घेतल्यावर मूळचेच फ्लायव्हील कामास आले.

ज्या बाबीवर मी सर्वांत जास्त वेळ दिला, ती मात्र पाहणाऱ्याच्या नजरेला पडत नाही. लॅम्ब्रेटाचे इंजिन पॅनेलच्या आत झाकलेले असते, त्यामुळे मोटरसायकलप्रमाणे समोरची हवा त्याला थेट मिळत नाही. फ्लायव्हीलवरचा पंखा हवा ढकलतो आणि पत्र्याच्या आवरणातून ती सिलिंडरच्या पंखांवरून, म्हणजे त्याच्याभोवतीच्या धातूच्या पातळ पात्यांवरून, फिरवली जाते. माझ्या गाडीत कुंभारीण माशीने या पंखांमध्ये मातीची घरटी बांधली होती आणि आवरणाचा सिलिंडरच्या डोक्यावरचा तुकडा मधल्या काळात कोठेतरी हरवला होता. या तुकड्याशिवाय इंजिन सुरू होते, चालते, गाडी विकणारा आणि घेणारा दोघेही समाधानी असतात. पण हवा वरच्या मोकळ्या जागेतून निसटून जाते आणि सगळ्यात तापणारा भाग हवेविनाच राहतो. ज्या शहरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, तेथे अशी गाडी फार काळ टिकणार नाही.

बाजारात मिळणारा तुकडा मी आणून पाहिला. तो दिसायला बरोबर होता, पण कडेने बोटभर फट राहत होती. शहरातल्या एका संग्राहकाने त्याच्या चांगल्या अवस्थेतल्या गाडीवरून कागदी साचा काढू दिला, आणि इतवारीतल्या एका पत्र्याच्या कारागिराने त्या साच्यावरून तुकडा बनवून दिला. घरी आणल्यावर मी तो पुन्हा पुन्हा लावून पाहिला, कडा घासल्या, आणि फ्लायव्हील हाताने फिरवून आवरणाच्या सांध्यांवर उदबत्तीचा धूर धरला, म्हणजे हवा कोठून निसटते ते दिसते. पंखांमधली माती लोखंडी वस्तूने न खरवडता पाण्यात भिजवून बांबूच्या काडीने काढली, कारण पंखांच्या कडा मोडल्या तर तेथे पुन्हा धूळ साचते.

पेट्रोलच्या टाकीत छोट्या साखळीचा तुकडा आणि सौम्य फॉस्फोरिक अॅसिड घालून ती हलवत राहिले, नंतर सोड्याच्या पाण्याने धुतली आणि ओली असतानाच टू-स्ट्रोक तेल मिसळलेल्या पेट्रोलने खळबळून काढली, कारण स्वच्छ झालेला उघडा पत्रा दमट हवेत लगेच गंजू लागतो. डेलॉर्टो कार्ब्युरेटर मूळचा होता आणि त्याच्या सर्व जेटांवरचे (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकांच्या तुकड्यांवरचे) आकडे अजून वाचता येत होते. तो उकळत्या पाण्यात आणि नंतर कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये स्वच्छ केला. जेट तारेने कोरायचे नाहीत, एवढे पथ्य पाळले.

पत्र्याच्या कामात माझे आणि पेंटरचे मतभेद झाले. वरचा गडद निळा रंग ब्रशने मारलेला होता, त्याखाली मरून होता, आणि दोन्हीखाली, टाकीच्या पट्ट्यामागे आणि हत्यारांच्या कप्प्यात, कारखान्यातला राखाडी रंग शाबूत होता. दिव्याच्या कड्यावर मरून रंगाच्या खाली कुंकवाच्या स्वस्तिकाची अस्पष्ट खूण दिसली. मूळ रंग केवळ झाकलेल्या जागीच टिकला असल्यामुळे गाडी पुन्हा रंगवण्याशिवाय मार्ग नव्हता, परंतु हत्यारांचा कप्पा मी आतून तसाच ठेवला आणि नव्या रंगाची छटा त्याच्याशी जुळवून घेतली. सँड ब्लास्टिंगचा आग्रह मी मान्य केला नाही. जोराच्या वाळूने ढालीचा पातळ पत्रा तापून लहरतो आणि चेसिसवरचे ठोकलेले आकडे पुसट होऊ शकतात. पुढे परिवहन कार्यालयात त्या आकड्यांचा पेन्सिलने ठसा घ्यावा लागतो. म्हणून पत्र्यावर रंग काढण्याचे रसायन वापरले, चेसिसच्या नळीवर सौम्य ब्लास्टिंग केले आणि आकड्यांची जागा पट्टीने झाकून ठेवली.

फुटबोर्डचा तळ एका जागी, रबरी मॅटखाली पाणी धरून राहिल्याने, फार पूर्वी कुजला होता आणि नागपुरातल्याच कोण्या वेल्डरने तेथे पितळी झाळकाम करून ठिगळ बसवले होते. पेंटरला ते कापून नवा फुटबोर्ड बसवायचा होता. मी ते ठिगळ नीट तपासले. झाळ सर्व बाजूंनी एकसारखी होती, कोठेही तडा नव्हता, आणि इतकी वर्षे त्याने पायाचा आणि ब्रेकच्या दाबाचा भार सोसला होता. ज्या कारागिराने ते केले त्याला आपले काम कोणी कधी पाहील असे वाटलेही नसेल, तरी त्याने ते चोख केले आहे. ते मी ठेवले, वरून पुट्टी भरून लपवलेही नाही. प्राइमर आणि रंग देऊन ते जसे आहे तसे राहू दिले. मिलानच्या कारखान्यातून आलेला शिक्का जपायचा आणि आपल्या शहरातल्या माणसाचे काम फेकायचे, हे मला मान्य होण्यासारखे नव्हते.

सुरक्षिततेच्या भागांना मात्र हा नियम मी लावला नाही. ब्रेक लायनर, सर्व केबल, रिमचे नट, ट्यूब आणि पुढच्या सस्पेन्शनची रबरे पूर्ण नवी घातली. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, म्हणून ड्रममधली धूळ कंप्रेसरच्या हवेने न उडवता ओल्या फडक्याने पुसून काढली. सहा व्होल्टची वायरिंग जुन्या रंगक्रमानेच नवी केली, आणि त्यात विशेष सांगण्यासारखे काही नाही.

रंग कधी मारायचा, याला नागपुरात फार महत्त्व आहे. पावसाळ्यात हवेतल्या बाष्पामुळे लॅकर रंगावर पांढुरकी झाक येते. भर उन्हाळ्यात उलटे होते: थिनर पत्र्यावर पोचण्याआधीच उडून जातो, रंग कोरडा पडतो आणि पृष्ठभाग खरबरीत होतो, त्यात कूलर चालू असलेल्या खोलीत फवारणी केली तर दमटपणाची भर पडते. मी पत्र्याचे काम पावसाळ्यात संपवून प्राइमरवर थांबले आणि दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत, सकाळचे दव ओसरल्यावर आणि दुपारचा वारा सुटण्याआधी, रंग मारून घेतला. पेंटरचे हे निरीक्षण अगदी अचूक होते आणि त्याबाबतीत मी पूर्णपणे त्याचे ऐकले.

जुळणीनंतर गिअरबॉक्समध्ये सुमारे 700 मिलिलिटर एसएई 90 तेल आणि टाकीत 4 टक्के तेलाचे मिश्रण घालून इंजिन सुरू केले. काकाजींनी चोक ओढून किक मारली आणि थोड्याच प्रयत्नांत ते चालू झाले. रिंगा बसेपर्यंत मी कामठी रोडने पहाटेच्या वेळी अर्ध्या थ्रॉटलवर, मध्ये मध्ये थांबून, गाडी चालवली, आणि दर फेरीनंतर प्लग काढून पाहिला. प्लगचा रंग अपेक्षेपेक्षा फिका दिसत होता, म्हणजे मिश्रण पातळ पडत होते. सील पुन्हा दाबाने तपासले, ते चांगले होते. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे त्याच जेटमधून येणारे मिश्रण शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत पातळ पडते, म्हणून मुख्य जेट एक पायरी मोठा घातला आणि मूळचा इटालियन जेट नाव लिहून पेटीत ठेवला. त्यानंतर प्लग तपकिरी दिसू लागला.

कायदेशीर बाजूचा एक निर्णय बाकी होता. केंद्र सरकारने 2021 मध्ये केलेल्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपातल्या वाहनांची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. नव्या नोंदणीसाठी 20,000 रुपये शुल्क आहे, ती 10 वर्षांसाठी असते आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आधीच नोंदलेल्या वाहनाला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. मात्र असे वाहन प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा ठरावीक कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. ज्यांना गाडी संग्रहात ठेवायची आहे त्यांच्यासाठी ही चांगली सोय आहे. मला मात्र ही गाडी वापरायची आहे. माझ्या मते टू-स्ट्रोक इंजिन नियमित चालत राहणे हेच त्याचे सर्वांत चांगले जतन आहे, आणि या इंजिनाचे नुकसान कशाने झाले होते ते मी वर सांगितलेच आहे. म्हणून तपासणी करून घेऊन नेहमीच्या नोंदणीचेच नूतनीकरण केले.

एप्रिलमध्ये दुपारच्या उन्हात सेमिनरी हिल्सचा चढ दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये ओळीने चढवून मी आवरणाची शेवटची परीक्षा घेतली. वर पोचल्यावर इंजिन एकाच गतीने आयडलवर राहिले, प्लग तपकिरीच होता आणि आवरणाच्या नव्या तुकड्याच्या कडेने गरम हवा निसटत नव्हती. वेगमापकाची दुरुस्ती अजून राहिली आहे. त्याची आतली यंत्रणा मूळची असून काटा फक्त अडखळतो, म्हणून नवा न घेता तो उघडून साफ करून देणाऱ्या घड्याळजीकडे दिला आहे. दसऱ्याच्या आत तो बसवायचा आहे.